आठ जुने संगणक आणि एक प्रवाह : स्वस्तातल्या क्लस्टरवर सीएफडी

पुलाच्या खांबाभोवती पाणी कसं वळतं याची समीकरणं १८४५ पर्यंत तयार झाली होती. नेव्हिए आणि स्टोक्स यांच्या नावाने ती ओळखली जातात. खरी अडचण ती सोडवण्याची आहे. मोजके सोपे प्रवाह सोडले तर कागदावर उत्तर निघत नाही. म्हणून पाण्याने व्यापलेल्या जागेची बारीक जाळी पाडायची, जाळीच्या प्रत्येक घरात वेग आणि दाब यांचे आकडे धरायचे आणि काळाच्या छोट्या पावलांनी सगळी घरं पुढे न्यायची. यालाच सीएफडी (कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स) म्हणतात.

जाळी किती बारीक, यावर सगळा हिशेब फिरतो. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १०० घरं घेतली तर एकूण १० लाख घरं होतात. घराची बाजू निम्मी केली की घरं आठपट. शिवाय काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं, कारण एका पावलात प्रवाह एका घरापेक्षा जास्त पुढे सरकला तर बऱ्याच पद्धतींचं गणित फुटतं. कूरां, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ साली दाखवलेली ही मर्यादा आहे. म्हणजे काम झालं सोळापट. संध्याकाळी लावून सकाळी मिळणारं उत्तर आठवड्यावर गेलं.

अशा वेळी प्रयोगशाळेतले किंवा कुठल्या कार्यालयाने काढून टाकलेले सात-आठ संगणक डोळ्यांसमोर येतात. तारेने जोडून, म्हणजे क्लस्टर करून, ते एकत्र राबवता येतात, आणि चांगले राबवता येतात. फक्त आठ मशीन जोडली म्हणून वेग आठपट होत नाही. का होत नाही, हे खरेदीच्या आधी समजून घ्यायला हवं, कारण नेमकं काय विकत घ्यायचं हे त्यावरच ठरतं.

मार्ग जुनाच आहे. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डॉनल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ प्रोसेसर साध्या १० मेगाबिट इथरनेटने जोडले, वर लिनक्स चढवलं आणि त्याचं नाव ठेवलं बेओवुल्फ. एका तारेची गती पुरेना, म्हणून त्यांनी दोन तारा जोडीने वापरल्या. तेव्हापासून बाजारातल्या साध्या भागांच्या क्लस्टरला बेओवुल्फच म्हणतात. भारतात त्याही आधी, १९८६ साली, बंगळुरूच्या, आज नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत 'फ्लोसॉल्व्हर' हा समांतर संगणक उभा राहिला होता. तो प्रवाहाची समीकरणं सोडवण्यासाठीच बांधला होता, आणि त्यात इंटेलचे ८०८६ व ८०८७ हे सहज मिळणारे प्रोसेसर होते. पुण्यात सी-डॅक या संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक केला, त्यामागेही हाच विचार होता : एका महागड्या प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसरांना काम वाटून द्यायचं.

कोर मोजू नका, रॅमच्या वाटा मोजा

संगणक घेताना सगळे आधी विचारतात, कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणित करणारे भाग) किती? प्रवाहाच्या गणिताला हा प्रश्न दुय्यम आहे. एका घराचा नवा आकडा काढायचा तर त्या घराचा जुना आकडा, शेजारच्या सहा घरांचे आकडे आणि त्यांचे गुणक रॅममधून आणावे लागतात. आणल्यावर करायचं काय, तर प्रत्येकी एक गुणाकार आणि एक बेरीज. म्हणजे वाहतूक भरपूर आणि काम थोडं. पोळ्या लाटायला चार जणी बसल्या आणि कणकेचे गोळे करून देणारी एकच असेल, तर चौथ्या लाटण्याने जेवण लवकर होत नाही. इथे गोळे करून देणारी म्हणजे रॅम.

आकडे बघू. इंटेलच्या चौथ्या पिढीचा चार कोरचा आय-फाइव्ह आणि डीडीआर३-१६०० रॅम असलेलं कार्यालयीन मशीन घ्या. जुन्या मालात ही मशीन भरपूर मिळतात. रॅमच्या दोन वाटा (चॅनेल), प्रत्येकीतून सेकंदाला १२.८ जीबी, मिळून २५.६ जीबी. प्रत्यक्षात हाती येतात साधारण २०. एवढी वाहतूक दोन कोर जवळजवळ संपवून टाकतात. तिसऱ्याने थोडी भर पडते, चौथ्याने नावापुरती. हायपरथ्रेडिंग (एक कोर दोन असल्यासारखा दाखवणारी सोय) असलेल्या मशीनवर चारऐवजी आठ प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती, चढवल्या तर वेग वाढत नाही, बऱ्याचदा घटतोच.

आता आठ मशीनची बेरीज करा : ८ × २५.६ = २०४.८ जीबी. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेतल्या सर्व्हर प्रोसेसरला डीडीआर४-३२०० च्या आठ वाटा असतात, आणि त्यांची बेरीजही २०४.८ जीबीच होते. कागदावर तरी आठ जुनी मशीन एका सर्व्हरच्या बरोबरीला येतात, आणि स्वस्त क्लस्टरची ताकद आहे ती इथे. सर्व्हरमध्ये त्या आठही वाटा एकाच पेटीत असतात. आपल्याला मात्र मधे तार टाकावी लागते. तारेचा हिशेब पुढे करूच.

त्याआधी झाकण उघडून बघण्याची एक गोष्ट. कार्यालयीन मशीनमध्ये पुष्कळदा ८ जीबीची एकच पट्टी बसवलेली असते आणि दुसरी खाच रिकामी असते. म्हणजे एक वाट बंद, वेग सरळ निम्मा. ८ जीबीची एक पट्टी काढून ४-४ जीबीच्या दोन लावल्या तर रॅम तेवढीच राहते, पण सीएफडीचा वेग दीडपटीच्या पुढे जातो. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर जोडीच्या खाचांचा रंग एकच असतो, त्याच रंगात दोन पट्ट्या बसवायच्या. नंतर 'स्ट्रीम' ही रॅमचा वेग मोजणारी छोटी चाचणी चालवायची. सगळ्या आठ मशीनवर आकडा सेकंदाला १८ ते २१ जीबीच्या दरम्यान यायला हवा. एखाद्यावर १० आला, तर पट्टी नीट बसलेली नाही किंवा चुकीच्या खाचेत आहे.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. २०१२ साली साउथॅम्प्टन विद्यापीठात ६४ पायांचा क्लस्टर लेगोच्या ठोकळ्यांच्या रॅकमध्ये बसवला होता. समांतर प्रोग्रॅमिंग शिकायला पाय उत्तम आहे. पण पाय ४ च्या रॅमचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला चार-पाच जीबीच्या आसपास राहतो. एका जुन्या डेस्कटॉपची बरोबरी करायला चार पाय, चार मेमरी कार्ड, चार वीजपुरवठे आणि स्विचची चार भोकं लागतात. खऱ्या गणितासाठी पैसे खर्च करायचे असतील तर आमचा कौल डेस्कटॉपलाच.

जाळी कापली की काय होतं

क्लस्टरवर जाळीचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक मशीनला एकेक देतात. तुकड्याच्या आतल्या घरांना बाहेरचं काही लागत नाही. काठावरच्या घरांना मात्र शेजारच्या तुकड्यातले आकडे हवे असतात, आणि ते तारेवरून येतात. म्हणून काम तुकड्याच्या घनफळाएवढं आणि गप्पा त्याच्या पृष्ठभागाएवढ्या. तुकडा लहान होत गेला की घनफळ झपाट्याने घटतं, पृष्ठभाग तितका घटत नाही.

दुसरी गाठ दाबाची आहे. पाणी दाबलं जात नाही असं आपण गणितात धरतो. मग पाइपाच्या एका टोकाला धक्का दिला की दुसऱ्या टोकाला तो त्याच क्षणी जाणवायला हवा. म्हणून दाबाचं समीकरण एका घरापुरतं सुटत नाही, सगळी जाळी एकदम सोडवावी लागते. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पॉल्डिंग यांनी १९७२ साली 'सिंपल' ही पद्धत मांडली. आधी दाब अंदाजाने धरायचा, त्यावरून वेग काढायचा, वस्तुमान जिथे जुळत नाही तिथे दाब दुरुस्त करायचा आणि पुन्हा फिरायचं. आजही जगभरचे सीएफडी प्रोग्रॅम याच किंवा यातून निघालेल्या वाटेने जातात. यातल्या दाबदुरुस्तीच्या समीकरणावरच बहुतांश वेळ जातो. ते कॉन्जुगेट ग्रेडियंटसारख्या पद्धतीने शेकडो फेऱ्यांत सुटतं, आणि प्रत्येक फेरीत सगळ्या मशीनना मिळून दोन-तीन वेळा एक बेरीज करावी लागते. ती बेरीज पूर्ण होईपर्यंत कोणीही पुढे सरकत नाही.

आता एका फेरीचा अंदाजी हिशेब मांडू. एका घरामागे रॅमची वाहतूक २०० बाइट धरू, मशीनचा वेग २० जीबी. गिगाबिट इथरनेटवर सेकंदाला ११७ एमबी जातात, आणि निरोप कितीही छोटा असला तरी पोचायला ५० मायक्रोसेकंद लागतात.

दहा लाख घरं एकाच मशीनवर : २०० एमबी वाहतूक, एका फेरीला १० मिलिसेकंद.

तीच जाळी आठ मशीनवर : प्रत्येकाकडे ५० × ५० × ५० म्हणजे १,२५,००० घरं, गणिताला १.२५ मिलिसेकंद. प्रत्येक तुकड्याच्या तीन बाजू शेजाऱ्यांना लागलेल्या, एका बाजूला २,५०० घरं, एका आकड्याचे ८ बाइट. तिन्ही मिळून ६० केबी, त्यांना ०.५१ मिलिसेकंद, वर तीन निरोपांची दिरंगाई ०.१५. दोन सामायिक बेरजा, प्रत्येकीला तीन टप्पे (जोडीजोडीने मिळवत आठांचे चार, दोन, एक), म्हणून ०.३०. एकूण २.२१ मिलिसेकंद. वेग वाढला साडेचारपट.

तीच जाळी ६४ मशीनवर : प्रत्येकाकडे जेमतेम १५,६२५ घरं. गणिताला ०.१६ मिलिसेकंद, पण सहा बाजूंचे निरोप आणि बेरजा यांना १.१६. एकूण १.३२, म्हणजे वेग साडेसातपट. मशीन आठपट केली आणि वेग साडेचारवरून साडेसातवर गेला. उरलेला वेळ सगळे एकमेकांची वाट बघतात.

आता मशीन आठच ठेवा, जाळी मोठी करा : २०० × २०० × २००, म्हणजे ८० लाख घरं. प्रत्येक मशीनचं गणित १० मिलिसेकंद आणि संवाद अडीच. एकूण १२.५. एकट्या मशीनला हेच काम ८० मिलिसेकंदांचं झालं असतं. वेग ६.४ पट.

म्हणून स्वस्त क्लस्टरकडे मोठी जाळी घेऊनच जायचं. गिगाबिटवर एका कोरमागे ५०,००० पेक्षा कमी घरं येत असतील तर आणखी मशीन जोडून फारसा फायदा होत नाही. एक लाखाच्या पुढे असतील तर तारेचा त्रास फारसा जाणवत नाही. जुनी इन्फिनिबँड (क्लस्टरसाठीच्या वेगवान नेटवर्कची) कार्ड मिळाली तर निरोपाची दिरंगाई एक-दोन मायक्रोसेकंदांवर येते. पण त्यांचं स्विच आवाज फार करतं, आणि जुन्या कार्डांचे ड्रायव्हर नव्या लिनक्सवर बसवण्यात दिवस जातात. पहिला क्लस्टर गिगाबिटवरच करावा.

काय काय लागतं

आठ एकसारखी मशीन. 'एकसारखी' हा शब्द महत्त्वाचा आहे. दिंडी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पावलाने चालते, आणि क्लस्टरचंही तसंच आहे. सात मशीन चौथ्या पिढीची आणि एक दुसऱ्या पिढीचं असेल, तर ते एक बाजूला ठेवून सातच चालवलेली बरी. प्रत्येकी ८ जीबी रॅम पुरते, कारण ओपनफोमसारख्या सीएफडी प्रोग्रॅमला दहा लाख घरांमागे एक ते दोन जीबी लागते. ज्यावरून सगळं काम चालवायचं त्या मुख्य मशीनला मात्र ३२ जीबी हवी. जाळी बनवणं, कापणं आणि शेवटी तुकडे जोडणं ही कामं सहसा एकाच मशीनवर होतात, तेव्हा अख्खी जाळी त्याच्या रॅममध्ये बसायला लागते. सात मशीन तयार उभी आहेत आणि जाळी कापतानाच मुख्य मशीन रॅमअभावी बंद पडतं, ही नवशिक्यांची नेहमीची अडचण आहे. डेटासाठी एसएसडी फक्त मुख्य मशीनला लागते.

१६ पोर्टचं गिगाबिट स्विच, साधं चालतं. तारा कॅट-५ई किंवा कॅट-६, कंपनीत टोकं बसवलेल्या. इथे कंजुषी नको. तारेत आठ वायरी, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. हाताने क्रिंप केलेल्या टोकात उरलेल्या दोन जोड्यांतली एक वायर सैल राहिली तरी बहुधा जोडणी तुटत नाही, ती गुपचूप १०० मेगाबिटवर येते. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का हे बघणारी आज्ञा) चालतं, फाइल जातात, सगळं ठीक दिसतं आणि अख्खा क्लस्टर एका तारेपायी रांगतो. 'इथटूल'ने प्रत्येक मशीनचा वेग बघायचा, १००० दिसला पाहिजे. नंतर 'आयपर्फ'ने दोन-दोन मशीनमध्ये मोजायचं, ९४० मेगाबिटच्या आसपास यायला हवं.

वीज : अशा मशीनला पूर्ण भारावर साधारण ७५ वॅट लागतात. आठांचे ६०० वॅट, दिवसाला १४.४ युनिट. आठवडाभराचं गणित म्हणजे शंभर युनिट, बजेटमध्ये ते धरा. ६०० वॅट म्हणजे खोलीत एक छोटा हीटर अखंड चालू. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो, त्यामुळे एसीवर फारसा भार पडत नाही. पण बंद खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पंख्याने भागत नाही. मशीन एकमेकांना चिकटवून रचू नका, मागची गरम हवा बाहेर जाईल असं ठेवा. आठही मशीन एकाच स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर नकोत, दोन वेगळ्या पॉइंटवर चार-चार लावा.

जुन्या मशीनचं झाकण उघडल्यावर आधी ब्लोअरने धूळ काढायची, मग प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. वाळलेली पेस्ट खडूसारखी भुरभुरते. ती तशीच ठेवली तर पूर्ण भारावर दहा मिनिटांत प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे जातो आणि स्वतःला वाचवायला घड्याळ मंद करतो. ३.२ गिगाहर्ट्झचं मशीन निम्म्यावर येतं आणि उरलेली सात त्याची वाट बघत बसतात. मंद झालेलं मशीन कुठलीही चूक दाखवत नाही, म्हणून तापमान आणि घड्याळ दोन्ही नजरेखाली ठेवायची. रॅमची चाचणी 'मेमटेस्ट'वर रात्रभर करा. साध्या डेस्कटॉपला चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम नसते. एक बिघडलेला बिट तीन दिवसांच्या गणिताचं उत्तर मातीमोल करू शकतो.

जोडणी, आणि ती जिथे अडकते

प्रत्येक मशीनवर एकाच आवृत्तीचं लिनक्स, एकाच आवृत्तीचं ओपन-एमपीआय (मशीनमधले निरोप पोचवणारा प्रोग्रॅम) आणि एकाच आवृत्तीचं ओपनफोम. सगळीकडे वापरकर्त्याचं नाव एक आणि त्याचा अंतर्गत क्रमांकही एक. तो क्रमांक वेगळा असेल तर सामायिक फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाकारली जाते, आणि नाव तेच दिसत असल्याने कारण लवकर लक्षात येत नाही. मुख्य मशीनवरचं एक फोल्डर एनएफएस या नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या सोयीने सगळ्यांना त्याच पत्त्यावर दिसेल असं करायचं. एसएसएच (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून शिरण्याची सोय) च्या किल्ल्या वाटून पासवर्डशिवाय आत जाता आलं पाहिजे. प्रत्येक मशीनमध्ये एकदा हाताने शिरून 'या मशीनवर विश्वास ठेवायचा का' या प्रश्नाला 'यस' म्हणून घ्या, नाहीतर एमपीआय त्या प्रश्नापाशी अडतं. मशीनना १९२.१६८.१०.१ पासून पुढे कायमचे पत्ते द्या.

यानंतरही पहिल्यांदा चालवल्यावर बहुधा काहीच होत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो. कारणं ठरलेली आहेत.

उबंटू आणि डेबियन ही लिनक्स होस्ट्स फाइलमध्ये (मशीनची नावं आणि पत्ते यांची यादी) मशीनच्या नावापुढे १२७.०.१.१ हा पत्ता घालून ठेवतात. हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. मशीनचं नाव त्या पत्त्याला बांधलेलं राहिलं की दुसऱ्या मशीनकडे जायचा निरोप स्वतःकडेच वळू शकतो. ती ओळ काढून खरा पत्ता लिहा, आठही मशीनवर.

दुसरं कारण जास्त चकवणारं आहे. आत शिरून आज्ञा दिली तर ओपनफोम सापडतं, एमपीआयने दुरून बोलावलं तर सापडत नाही. उबंटूच्या बॅशआरसी फाइलच्या (आज्ञा स्वीकारण्याआधी मशीन वाचतं ती सेटिंगची फाइल) सुरुवातीलाच एक तपासणी असते : समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. ओपनफोमची ओळ आपण फाइलच्या तळाला घातलेली असते, दुरून येणारी आज्ञा तिथपर्यंत पोचतच नाही. ती ओळ उचलून सगळ्यात वर ठेवा.

मशीनला वायफाय किंवा डॉकरचं (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) आभासी नेटवर्क असेल तर एमपीआय भलत्याच वाटेने निरोप पाठवायला बघतं. त्याला वापरायच्या तारेच्या पोर्टचं नाव स्पष्ट सांगा आणि उरलेली नेटवर्क बंद करा. फायरवॉल क्लस्टरच्या आतल्या नेटवर्कमध्ये बंद ठेवा, पण बाहेरच्या इंटरनेटला फक्त मुख्य मशीनच जोडलेलं असू द्या. डेस्कटॉप लिनक्स काही वेळाने झोपी जाऊ शकतं, ती सोय सगळीकडे बंद करा. घड्याळं 'क्रोनी'ने जुळवून ठेवा.

प्रोग्रॅम स्वतः कंपाइल (मूळ कोडवरून तयार) करणार असाल तर सगळ्यात जुन्या प्रोसेसरवर करा. नव्या मशीनवर 'याच प्रोसेसरसाठी' असा पर्याय देऊन कंपाइल केलं, तर त्यात एव्हीएक्स-२ च्या, म्हणजे नव्या प्रोसेसरांनाच कळणाऱ्या, सूचना येऊ शकतात. इंटेलच्या तिसऱ्या पिढीला त्या कळत नाहीत, आणि 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून प्रोग्रॅम तिथल्या तिथे पडतो.

पहिलं गणित

सुरुवात पुलाच्या खांबाने करू नका. ओपनफोमसोबत 'कॅव्हिटी' नावाचं उदाहरण येतं : चौकोनी डबा, आत द्रव, वरचं झाकण सरकतंय. बाजू ०.१ मीटर, झाकणाचा वेग सेकंदाला १ मीटर, श्यानता (द्रवाचा चिकटपणा) ०.०१, म्हणजे रेनॉल्ड्स अंक (बाजू गुणिले वेग भागिले श्यानता) १०. श्यानता ०.००१ करा म्हणजे अंक १०० होईल. जाळी १२९ × १२९ घ्या, काळाचं पाऊल ०.०००५ सेकंद, आणि तीन सेकंदांपर्यंत चालवा. १९८२ साली घिया, घिया आणि शिन यांनी याच प्रवाहाचे आकडे प्रसिद्ध केले होते आणि आजही सगळे त्यांच्याशीच ताडून बघतात. डब्याच्या मधल्या उभ्या रेषेवर उलट दिशेचा सर्वांत मोठा वेग झाकणाच्या वेगाच्या ०.२१०९ पट, तळापासून उंचीच्या ०.४५३१ इतक्या ठिकाणी. भोवऱ्याचं केंद्र आडवं ०.६१७२ आणि उभं ०.७३४४ वर. तुमचा आकडा दोन टक्क्यांच्या आत आला पाहिजे.

हे आधी एका कोरवर चालवा, मग एका मशीनच्या चार कोरवर, मग दोन मशीनवर आणि शेवटी आठांवर. उत्तर शेवटच्या काही दशांशांत बदललं तर घाबरू नका. बेरजेचा क्रम बदलला की संगणकाची गोळाबेरीज शेवटच्या अंकांत बदलतेच. पहिल्या चार-पाच अंकांत फरक दिसला तर मात्र थांबा, दाबाच्या समीकरणाची सहनमर्यादा (किती चूक चालेल ती मर्यादा) सैल असेल किंवा रॅम खराब असेल. आणि हे गणित आठ मशीनवर एका मशीनपेक्षा हळू चाललं तर तेही बरोबरच आहे. एकूण १६,६४१ घरं, ती ३२ कोरांत वाटल्यावर प्रत्येकाला पाचशेच आली. हे बघून अनेक जण क्लस्टर फसला म्हणून सोडून देतात. ही चाचणी उत्तर बरोबर येतं का हे बघण्यासाठी आहे. वेग मोजायला तीन मितींची, निदान २० लाख घरांची जाळी घ्या.

मोठ्या गणितासाठी जाळी 'डिकम्पोजपार'ने कापायची. 'स्कॉच' पद्धत वेडीवाकडी जाळीही काठ कमी राहतील अशी कापते. त्याहून चांगलं म्हणजे दोन पातळ्यांत कापणं : आधी आठ तुकडे, मग प्रत्येकाचे चार. अशाने तारेवरून जाणारे काठ आठच तुकड्यांचे राहतात, चारांतल्या गप्पा मशीनच्या आतच होतात. प्रोसेस एकेका कोरला बांधून ठेवा, आणि चार कोरऐवजी तीन वापरूनही एकदा वेळ मोजा. रॅम आधीच तुंबलेली असेल तर दोन्हींत फरक नसतो, आणि चौथा कोर एनएफएस व नेटवर्कच्या कामाला मोकळा राहतो. दाबासाठी ओपनफोमचा मल्टिग्रिड सॉल्व्हर, म्हणजे जीएएमजी, एकाच जाळीच्या जाड-बारीक प्रती वापरून फेऱ्या खूप कमी करतो. पण त्याच्या सगळ्यात जाड जाळीवर प्रत्येक मशीनकडे मोजकीच घरं उरतात आणि तिथे तारेची दिरंगाई बोचते. आठ मशीनपर्यंत तो सहसा जिंकतो. तरी साध्या पीसीजीशी (वर आलेल्या कॉन्जुगेट ग्रेडियंटचाच प्रकार) एकदा ताडून बघा.

उत्तरं किती वेळा लिहायची हेही ठरवा. ८० लाख घरांचा वेग आणि दाब मिळून बायनरीत २५६ एमबी होतात, तारेवरून मुख्य मशीनकडे जायला सुमारे दोन सेकंद. मजकूर स्वरूपात लिहिलं तर याहून कितीतरी जास्त. दर पावलाला लिहिलं तर क्लस्टर गणित कमी आणि लेखनिकाचं काम जास्त करेल. तासाभराने एकदा पुरतं, आणि जुन्या फाइलमधल्या शेवटच्या दोन-तीनच ठेवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आहे. ३२ प्रोसेस प्रत्येक वेळी आपापल्या फाइल लिहितात, त्यांची संख्या हजारोंत जाते. 'कोलेटेड' पर्याय लावला की त्या एकत्र होतात.

वीज जाणारच. सगळ्या आठ मशीनना पुरेल असा यूपीएस महाग पडतो, म्हणून निदान मुख्य मशीन आणि स्विच यूपीएसवर ठेवा. चालू गणित थांबेल, पण आधी लिहून झालेल्या फाइल खराब होणार नाहीत. 'शेवटच्या वेळेपासून सुरू कर' हा पर्याय आधीच लावून ठेवा आणि बायोसमध्ये (मशीनच्या अगदी मूळ सेटिंगमध्ये) 'वीज आली की चालू हो' हे निवडा. मग नुकसान फार तर एका तासाचं.

एक वापर असा आहे जिथे हा क्लस्टर कुठल्याही महागड्या यंत्राच्या खांद्याला खांदा लावतो. पंपाचं पातं आठ वेगवेगळ्या कोनांत तपासायचंय, आणि प्रत्येक कोनाचं गणित एका मशीनच्या रॅममध्ये मावतंय. मग जाळी कापूच नका, प्रत्येक मशीनला एक कोन द्या. तारेवरून काहीच जात नाही, वेग पूर्ण आठपट, आणि एक मशीन बंद पडलं तर उरलेली सात चालूच राहतात. संशोधनातली पुष्कळशी कामं खरं तर याच जातीची असतात. लॅटिस बोल्ट्झमन, म्हणजे द्रवाचे कण जाळीवर ठरलेल्या दिशांनी सरकतात असं धरणारी पद्धतही स्वस्त तारेला मानवते. तीत दाबाचं सामायिक समीकरण नसतं, प्रत्येक घर फक्त शेजाऱ्यांशी बोलतं, सगळ्यांची मिळून बेरीज कुठेच लागत नाही. त्याबदल्यात रॅम जास्त लागते : १९ दिशांच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक घराला १९ आकडे, दोन प्रती धरल्या तर ३०४ बाइट. ८० लाख घरांना अडीच जीबी, म्हणजे आठ मशीनमध्ये वाटल्यावर प्रत्येकी तीनशे एमबीच्या आसपास. ८ जीबीच्या मशीनवर त्यापुढेही खूप जागा उरते.